गाडी भरलेली की रिकामी

अहो, तुमचं ऑक्सिजनचं मशीन आज माणूस येऊन घेऊन गेला. त्याने नळी गुंडाळून पिशवीत घातली, आपल्या महेशची सही घेतली आणि जिन्यावरून धडधडत उतरला. तो गेल्यावर घरात इतकं शांत झालं की समोरच्या गाळ्यातल्या लूमचा खडखडाट ऐकू यायला लागला. तो रोजच येत असणार. तुमच्या मशीनच्या घरघरीत मी तो विसरूनच गेले होते.

खरं सांगू, मला हलकं वाटतंय. हे मी कुणाला बोलून दाखवू शकत नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्हाला नेल्यानंतर मला जी झोप लागली तशी गेल्या दोन वर्षांत लागली नव्हती. तुमच्या छातीचा भाता वर-खाली होताना बघत बसायचं, बोटाला लावलेल्या यंत्रातला आकडा खाली आला की माझाच जीव खाली यायचा, ते सगळं संपलं. तुमचं संपलं आणि माझंही संपलं. तुम्ही सुटलात हे तर सगळेच म्हणतात, पण मी सुटले हे म्हणायची सोय नाही.

गावाकडच्या आणि इथल्या बायका भेटायला दारावर येतायत. अमळनेरची मामी आली, उधन्यातल्या सगळ्या ओळखीच्या आल्या, सचिन गावाहून तुमची चुलत बहीण आली. प्रत्येक जणी मला गळ्याशी धरते आणि वाट बघते. मामी तर शेवटी वैतागून म्हणाली, "रडी ले व माय. मोकळी व्हय." मी म्हटलं, मी मोकळीच आहे. तिला वाटलं धक्क्याने माझं डोकं फिरलंय. तेव्हापासून ती आपल्या सुनेच्या, दीपालीच्या, कानात काहीतरी कुजबुजते आणि दोघी माझ्याकडे बघतात.

आपली सूनबाई शहाणी आहे. ती मला म्हणाली, "आई, रडू येत नसेल तर नका रडू. पण बाबांशी काही बोलायचं राहिलं असेल तर लिहून काढा." आता बोलायचं राहिलंय असं नाही. उलट ते राहिलं नाही, याचंच मला एवढं सुख आहे. पण राहता राहता राहिलं नाही, हे तुम्हालाही कळलं पाहिजे. तुम्ही तेव्हा खोकत होतात, तुमचं लक्ष कुठे होतं कोण जाणे.

लग्न करून उधन्याच्या त्या एका खोलीत आले तेव्हा भिंतीला टेकून साडीच्या रिकाम्या खोक्यांची चळत होती. मला वाटलं, नवरा काटकसरी दिसतोय, खोक्यांचं कपाट करणार असेल. तुम्ही त्याचा ट्रक केलात. मिलिटरीचा ट्रक, मागे जाळीचं झाकण, पुढे दोन डोळे, दरवाजे उघडणारे. खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, मास्टर, दिवसभर लूमच्या खाली लोळून काळे झालेले हात, आणि घरी येऊन त्याच हातांनी तांदळाएवढा बोल्ट कापत बसायचे. मी आईला फोनवर सांगितलं, माणूस निर्व्यसनी आहे पण खेळणी करतो. आई म्हणाली, करू दे, पत्ते तर खेळत नाही.

विकतचं काही आणायचं नाही हा तुमचा हट्ट. दुकानात तयार डबे मिळतात, त्यातले तुकडे जोडले की गाडी तयार होते, हे महेशने तुम्हाला मोबाइलवर दाखवलं होतं. तुम्ही ते बघून मोबाइल परत दिला आणि म्हणालात, मग त्यात आपण काय केलं? तुमची गाडी खात्यातल्या भंगारातून यायची. सुताच्या कोनाचा पुठ्ठा, नक्षी विणायच्या जेकार्डची भोकं पाडलेली जुनी कार्डं, लूमच्या तुटलेल्या फणीच्या पोलादी पट्ट्या, जळलेल्या मोटरची तांब्याची तार. जेकार्डच्या कार्डाचा एक तुकडा कापून तुम्ही ट्रकच्या पायरीला लावलात आणि ती हुबेहूब भोकाच्या लोखंडी पत्र्याची पायरी झाली, त्या दिवशी पहिल्यांदा मी पोळ्या सोडून बघायला आले.

नंतर मी बघायची थांबले आणि करायला लागले. साड्यांना स्टोन चिकटवायचं काम मी घरी घेत होतेच. चिमटा आणि फेविकॉल ही माझीच हत्यारं, तुमची नव्हेत. तुमच्या ट्रकवरची ताडपत्री बघून मला राहवेना. जाड कापडाची केली होती, दुलई पांघरल्यासारखी दिसत होती. मी जॉर्जेटचा तुकडा चहाच्या पाण्यात उकळला, वाळवला, फेविकॉलच्या पाण्यात बुडवून ट्रकवर अंथरला आणि सुयांनी चुण्या पाडल्या. तुम्ही खात्यातून आलात, हातपाय न धुता बराच वेळ ती ताडपत्री बघत उभे राहिलात. छान झालीय वगैरे काही नाही. जेवायला बसल्यावर म्हणालात, "साखळ्या बी करशी का?"

झालं. तेव्हापासून चॅसी तुमची, साखळ्या माझ्या. दोर, ताडपत्र्या, हुक, बादल्या, कुदळी माझ्या. तुम्ही कुणालाही गाडी दाखवताना आधी बोट साखळीवर ठेवायचात आणि माझ्याकडे मान हलवून म्हणायचात, ही हिची. बाईमाणसाचा हात लागला तर काय होईल, असं तुमच्या मनात कधी आलंच नाही. आपल्या जातकुळीत, आपल्या चाळीत, असा नवरा मी दुसरा पाहिला नाही. हे तुम्ही असताना सांगायला हवं होतं, पण सांगितलं असतं तर तुम्ही पेन्सिल शोधायचं निमित्त करून उठून गेला असतात.

आणि ते आपलं फिरायला जाणं. इतरांचे नवरे रविवारी बायकोला डुमसला समुद्रावर भजी खायला न्यायचे. तुम्ही मला न्यायचात उधना यार्डाच्या कुंपणाशी. मिलिटरीची मालगाडी थांबली असेल तर थांबली असेल. नाहीतर शेंगा खायच्या आणि परत. पण थांबलेली असली की तुमचा चेहरा बघण्यासारखा असायचा. उघड्या वाघिणींवर ट्रक, जीपगाड्या, तोफा, आणि नशीब असेल तर रणगाडे वाहून नेणारे ते लांबलचक ट्रेलर. फोटो काढायचा नाही, पहाऱ्यावरचा जवान ओरडतो. त्या जवानाचीच तुम्ही फूटपट्टी करायचात. तो सहा फूट धरायचा. चाक त्याच्या कमरेला, फळी त्याच्या छातीला. घरी येईपर्यंत तुम्ही एक शब्द बोलायचा नाहीत. बोललो तर मापं सांडतात म्हणायचात. आल्याबरोबर खोक्याच्या पाठीवर रेघा मारायच्या. एका फुटाला तीन सूत, हा आपला हिशोब. तीन सूत म्हणजे करंगळीच्या नखाएवढं.

त्यातच आपलं भांडण जन्माला आलं.

तुमच्या सगळ्या गाड्या बसक्या होत्या. सगळ्या. चाकाच्या वर सूतभर जागा असायला हवी तिथे नख शिरेना. बघणाऱ्याला चूक सापडायची नाही, पण काहीतरी दबल्यासारखं वाटायचं. मला ते कळलं साखळ्या करताना. तुम्ही एकदा वाघीण केलीत, वर ट्रक ठेवलात आणि मला चारी कोपऱ्यांना साखळ्या आवळायला सांगितल्यात. मी आवळायला लागले आणि पुठ्ठ्याचा ट्रक खाली चेपायला लागला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. यार्डात आपण जी गाडी बघतो ती साखळदंडांनी वाघिणीला आवळलेली असते. तिचे पाटे, चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, दबलेले असतात. आपण जन्मात मिलिटरीची मोकळी गाडी पाहिलेलीच नाही. बांधलेली पाहिली आणि तशीच बनवत सुटलो.

मी तसं सांगितलं. तुम्ही पुठ्ठ्यावरून मान वर केली नाही.

"सूतभर बी उंच नही करसू. मी देखेल शे."

"तुम्हीन देखी ती बांधेल व्हती."

"तुले काय समजस गाडीमा?"

"गाडीमा नही समजस, साखळीमा समजस. साखळी आवळी का गाडी दबस."

तुम्ही म्हणालात, ऐकीव गोष्टीवर मी गाडी करत नाही. मी म्हटलं, ऐकीव कुठे, समोर चेपली की. हे भांडण आपण वर्षानुवर्षं चवीने भांडलो. स्वयंपाक करताना, दवाखान्याच्या रांगेत, महेशच्या लग्नात अक्षता हातात घेऊन. दुसऱ्या कुठल्या विषयावर आपण एवढं बोललो असू असं मला वाटत नाही. पोरगा झाला, घर झालं, ते सगळं होत गेलं, त्याच्याबद्दल बोलायची गरज पडली नाही. बोलायचं म्हणजे पाट्यांबद्दल.

मग समाजाच्या मेळाव्यात ते प्रदर्शन झालं. आपल्या खानदेशी मंडळींनी हौसेने टेबल दिलं, वर पांढरी चादर, तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातलेला. सगळ्यात मोठा ट्रेलर मधोमध, रिकामा. माणसं येत होती, वाकून बघत होती. कुणी गुजराती बाई मला विचारून गेली, "बेन, आ तमे बनाव्युं?" आणि मी ऐटीत साखळ्या दाखवल्या. मग एक पाहुणे आले. फौजेतून निवृत्त झालेले, असेच ट्रेलर आयुष्यभर चालवलेले. फार चांगला माणूस. एकेक बोल्ट बघितला, चाकं मोजली, तुमच्या पाठीवर हात ठेवला. आणि म्हणाले, "काका, सब सही है. बस एक बात बताओ, लोड किधर है?"

तुम्हाला प्रश्न कळला नाही. त्यांनी हसत समजावलं, रिकामा ट्रेलर एवढा खाली बसत नाही, यावर रणगाडा चढवला की असा बसतो.

आणि मी म्हटलं, सगळ्यांसमोर, मोठ्याने, "मी कवयपासून सांगी ऱ्हायनू."

मी काही माफी मागत नाही. खरंच सांगत होते. पण तुमचा चेहरा मला दिसला. तुम्ही ट्रेलर उचलला, कागदात गुंडाळला, आणि रिक्षात बसताना माझ्याकडे न बघता म्हणालात, "आते बस."

तुमचं आते बस, म्हणजे आता पुरे, कुठवर जातं ते मला पुढे कळत गेलं. आपला अबोला काही सिनेमातला नव्हता. तुम्ही माझ्याशी बोलायचात. चहा मागायचात, भाजी काय आणू विचारायचात, लाइट गेल्यावर मेणबत्ती कुठे आहे विचारायचात. फक्त गाडीवर बोलायचं नाही. मी विषय काढला की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचात. दीपालीला वाटायचं, आई-बाबा आता किती शांत झालेत. तिला काय ठाऊक, घरात आपल्याकडे बोलायला तेवढंच होतं. तुम्ही खिडकीजवळ पाठ करून काहीतरी कापत बसायचात, आणि मी साड्यांवर स्टोन चिकटवायचे. माझ्याकडून साखळी मागितली नाहीत. मीही केली नाही. मलाही ताठा आहे.

मग तुमची फुप्फुसं बिघडली. खात्यातली धूळ, डॉक्टर म्हणाले, आणि वय. मशीन आलं, नळी आली. मी तुम्हाला पुसलं, भरवलं, उठवलं, बसवलं. त्याचं मला काही नाही, तुम्हीही माझं केलं असतंत. मला भीती एकाच गोष्टीची होती. डॉक्टरांनी महेशला बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा बघून मला कळलं की आता फार दिवस नाहीत. आणि मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की हा माणूस माझ्याशी न बोलता जाईल. पाणी दे, गोळी दे, एवढं बोलून जाईल. आपलं जे खरं बोलणं, ते त्या रिक्षात संपलेलं राहील, आणि पुढची सगळी वर्षं माझ्या डोक्यात आते बस वाजत राहील. देवाला मी तुमचं आयुष्य मागितलं नाही. त्या श्वासाचं आयुष्य कशाला मागू? मी म्हटलं, एकदा भांडू दे.

त्या दुपारी मी तुमच्या उशाशी बसून साडीला स्टोन लावत होते. तुम्ही नळी सावरली आणि पलंगाखाली बोट दाखवलंत. मला वाटलं भांडं हवंय. तिथे खोकं होतं. आत ट्रेलर. नवा. मला पत्ता लागू न देता केलेला, पाठ करून कापत बसायचात तो हाच. वर रणगाडा, त्याच्या पोटात लूमचे जुने नट-बोल्ट भरलेले, चांगला जड. तुमचे हात तेव्हा ग्लास धरताना थरथरायचे. बोल्ट तांदळाएवढे नव्हते, जरा वाकडे होते. मी तो तुमच्या मांडीवर ठेवला आणि तुम्ही म्हणालात, "साखळ्या कर."

मी चाकांकडे बघितलं. बसका. नख शिरेना.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मरायला टेकलाय माणूस आणि अजून तेच. मी म्हटलं, "पुन्हा दबेल करी तुम्हीन? त्या साहेबांनी सांगितलं तरी?"

तुम्ही कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलंत आणि म्हणालात, "टँक उचल."

मी रागाने उचलला. आणि ट्रेलर वर आला.

फार नाही. अर्धा सूत, फार तर पाऊण. पण मला तो उठताना दिसला. तुम्ही फणीच्या पोलादी पट्ट्यांचे खरे पाटे केले होते, एकावर एक रचलेले, कुठेही न चिकटवलेले, मधे फक्त तारेने बांधलेले. भार ठेवला की दबायचे, काढला की उठायचे. मी टँक ठेवला, खाली गेला. उचलला, वर आला. पोरासारखं चार-पाच वेळा करून बघितलं.

"लोड आठे शे," टँकवर बोट ठेवून तुम्ही म्हणालात.

"मंग मनं खरं का तुमनं?"

"दोन्हीसनं."

"असं चालत नही. एक सांगा."

आणि मग, अहो, आपण भांडलो. तुम्ही नळीतून धापा टाकत म्हणालात की यार्डात मी पाहिलं ते खोटं नव्हतं. मी म्हटलं, खोटं कोण म्हणतंय, अर्धं होतं. तुम्ही म्हणालात, अर्धं तर अर्धं, तू तर घरातच बसून होतीस. मी म्हटलं, कुंपणाशी शेंगा कोण खात होतं मग? त्या मेळाव्यातलंही निघालं. तुम्ही म्हणालात, चारचौघात बोललीस. मी म्हटलं, घरात ऐकलं असतंत तर चारचौघात बोलले नसते. तुम्हाला हसू आलं आणि त्याचाच ठसका लागला. दीपाली आतून धावत आली, बोटाचं यंत्र बघितलं आणि मला ओरडली, "आई, बाबांना बोलायला लावू नका, आकडा खाली चाललाय." तुम्ही तिला हाताने बाजूला सारलंत आणि मला विचारलंत, "रणगाडा आवळशी कोठून? पुढल्या हुकपासून का मांगल्या?"

पुढच्या, मी म्हटलं. तुम्ही मान हलवलीत, नाही, मागच्या. तेवढ्यावर तुम्हाला गुंगी आली.

त्यानंतर तुम्ही फार बोललाच नाहीत. शेवटी शेवटी तर मला ओळखत होतात की नाही कोण जाणे. पण मला त्याची भीती वाटली नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी तुमच्या कपाळावर हात ठेवून बसले होते, आणि माझ्या मनात, देवाशपथ, पुढचा हुक की मागचा हेच चाललं होतं. मामीला हे कसं सांगू? बायकोला वाईट वाटलं पाहिजे. वाटतंय. खिडकीजवळून जाताना मी तुमच्या जागेकडे बघत नाही. पण त्याच्यावर, त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं, माझं सुटल्यासारखं वाटणं आहे. ते लपवायला मला आता जमत नाही.

साखळ्या मी केल्या. दारावर येणाऱ्यांच्या समोरच बसून, चिमट्याने एकेक कडी. मामीने विचारलं हे काय, मी म्हटलं ह्यांचं काम राहिलंय. महेश म्हणतो, काचेच्या पेटीत ठेवू, खालून फेविकॉलने पक्कं करू, म्हणजे हलणार नाही. मी त्याला सांगितलं, हात लावशील तर बघ. सध्या टीव्हीच्या बाजूला आहे. येणारी पोरं टँक उचलतात, ठेवतात, पुन्हा उचलतात. आज सकाळी मीही उचलला.

साखळ्या मी पुढच्या हुकात अडकवल्यात, टँक उचलता यावा म्हणून आवळलेल्या नाहीत. तुम्हाला हे पटणार नाही. सैल साखळीने टँक घसरतो म्हणाल, मागचा हुक म्हणाल, बांधायचं तर धड बांध म्हणाल. मी दिवसभर तुमच्या बाजूने बोलते आणि मग माझ्या बाजूने तुम्हाला उत्तर देते, आणि दीपाली स्वयंपाकघरातून डोकावून बघते. तुमच्याकडून काही येत नाही. येणार नाही, तेवढं मला कळतं. पण ह्या खेपेला तुम्ही गप्प आहात ते रुसून नाही.